खिशातली टिकटिक

दचकू नका. वाजलो तो मीच. माझा आवाजच असा आहे, कानाशी येऊन कोणी किंचाळावं तसा. आणि खरं सांगायचं तर दर वेळी सगळ्यांत आधी मीच दचकतो. स्प्रिंग सैल होत होत शेवटच्या दात्यावर येते. आता वाजणार, आता वाजणार, असं वाटत असतानाच वाजून जातो. इतकी वर्षं झाली, पण सवय काही होत नाही.

मी थिबोडोंच्या स्वयंपाकघरातला टायमर. सेल नाही, वायर नाही. पांढरा पत्रा, काळे आकडे आणि मध्ये एक गोल खटका. तो पिळला की मी टिकटिकायला लागतो, मध्येच दाबला की मुकाट बंद होतो आणि वेळ संपली की वाजतो. बस, एवढंच माझं शिक्षण.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका लांब टेबलावर आम्ही ओळीनं बसलो होतो आणि एक बाई प्रत्येकाला पिळून, कानाशी धरून, वाजतो का बघत होत्या. एकाच वेळी इतके जण वाजत होते की माझी ही भित्री प्रकृती तिथूनच आली असावी. मग खोक्यातला अंधार, आणि मग अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पार वरच्या टोकाला, नदीपलीकडे कॅनडा दिसतो त्या गावात, मोनिकच्या लग्नातली भेट. नवऱ्याच्या मावशीनं दिलं होतं मला. नवी नवरी पाव करपवते अशी गावात बोलवा होती, त्यामुळे तो आहेर होता की टोमणा, हे मोनिकला अजून कळलेलं नाही.

सुरुवातीची वर्षं सुखात गेली. पाव, मडक्यात शिजणारे बीन्स, नाताळातली कोंबडी. मग कोरीन झाली. ती रडायला लागली की मोनिक मला पाळण्यापाशी ठेवायची. माझी टिकटिक ऐकत ते पोर झोपून जायचं, आणि मी वाजायच्या आत मोनिक हातातलं काम टाकून मला बंद करायला धावत यायची. कोणीतरी माझ्यासाठी धावतंय याचं मला भारी अप्रूप वाटे.

कोरीन शाळेत जायच्या वयाची झाली आणि गावातली दोन खोल्यांची शाळा बंद पडली. मुलंच उरली नव्हती. होती तेवढ्यांना बसनं मोठ्या गावातल्या शाळेत न्यायचं ठरलं. हिवाळ्यात त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचा बर्फ. बस अंधारात निघणार, अंधारात परतणार.

"एवढंसं पोर मी त्या डब्यात बसवून पाठवणार नाही," मोनिक म्हणाली. "मी शिकवीन घरी."

"तू?" लिओ, म्हणजे कोरीनचे वडील, ट्रकच्या किल्ल्या शोधत म्हणाले.

"का? मला वाचता येत नाही?"

"तसं नाही गं..."

"मग किल्ल्या फ्रीजवर आहेत. निघा."

आणखी एक कारण होतं, ते मला पुढे कळलं. मोनिक शाळेत असताना एका बाईंनी तिचे मार्क सगळ्या वर्गासमोर मोठ्यानं वाचून दाखवले होते. मुलं हसली होती. ते हसणं मोनिकच्या कानातून कधी गेलंच नाही. म्हणून आमच्या स्वयंपाकघरातल्या शाळेत सगळं होतं, फक्त मार्क नव्हते.

कोरीनचं उत्तर चुकलं की मोनिक पेन्सिलीनं त्याच्याभोवती अगदी फिकट गोल काढायची. कोरीननं ते खोडायचं आणि पुन्हा करायचं. पुन्हा चुकलं, पुन्हा करायचं. बरोबर आलं की मोनिक तो गोलही खोडायची. चूक झाली होती याचा पानावर मागमूस राहायचा नाही. चुकलेलं उत्तर तसंच टाकून टेबलावरून उठायचं नाही, हा एकच नियम. आणि काम माझ्या वाजण्याआधी संपलं तर उरलेला वेळ कोरीनचा. ती सरळ उठायची आणि कोंबड्यांकडे पळायची. विचारायचं कोणाला?

ती चौदा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात एका सकाळी मोनिक तव्यावर प्लॉय घालत होती. कुट्टूच्या पिठाची ती पातळ जाळीदार धिरडी आमच्याकडे रोजची.

"आई, मला शाळेत जायचंय," कोरीन म्हणाली.

"आहेस की शाळेत."

"मोठ्या शाळेत. बसनं."

मोनिकनं मागे वळून बघितलं नाही. "इथे काय कमी पडतंय?"

"काही नाही."

"मग?"

"इथे चुकणारी मी एकटीच आहे."

लिओ हसले. "मी आहे की. मला सातवीतलं गणित घालून बघ."

"बाबा, तू वर्गात नसतोस. मला बघायचंय, दुसरं कोणी चुकलं की काय करतं. आणि..." ती जरा लाजली. "आणि मागच्या बाकावरून कोणी हाक मारली, की वळून बघायचंय."

मोनिकनं तव्यावरची प्लॉय उलटली. प्लॉय कधी उलटत नाहीत, ती एकाच बाजूनं भाजायची असते. तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण साधं नाही.

दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज जास्त आणि माणसांचा कमी होता. मग तह झाला. आमच्याकडे शाळा ऑगस्टमध्येच, सगळ्यांच्या आधी सुरू होते, आणि सप्टेंबरअखेर बटाट्याच्या काढणीसाठी सुट्टी लागते. त्या सुट्टीपर्यंत कोरीननं शाळेत जाऊन बघायचं. जमलं तर पुढे. नाही जमलं तर निमूटपणे पुन्हा स्वयंपाकघरात.

पहिल्या दिवशी दारात कोरीन घुटमळली. "आई, टायमर नेऊ? ती टिकटिक नसली की मला विचारच करता येत नाही."

मोनिकनं मला फळीवरून काढलं, फडक्यानं पुसलं आणि स्वतःच्या हातानं तिच्या जॅकेटच्या खिशात घातलं. "वाजायच्या आत दाबून बंद करत जा. तिथे वाजवू नकोस हं."

तिला वाटलं असेल, आपलं काहीतरी पोरीबरोबर जातंय. मला मात्र घाम फुटला होता. मी जन्मात कधी चुलीपासून लांब गेलो नव्हतो.

खिशाच्या फटीतून दिसतं थोडंसंच, ऐकू मात्र सगळं येतं. बसचं दार, बूट, कपाटांची दारं आपटल्याचे आवाज, दोनशे तोंडं एकदम बोलतायत. आणि मग ती वाजली. शाळेची घंटा! अहो, मी स्वतः वाजणारा, पण तो आवाज भिंतीतून, छतातून, जमिनीतून येत होता. माझ्या स्प्रिंगला कंप सुटला. कोरीनची बोटं खिशात आली आणि माझ्याभोवती घट्ट मिटली. कोण कोणाला धीर देत होतं, देव जाणे.

पहिल्याच तासाला घोटाळा झाला. पेल्की सरांनी फळ्यावर गणितं दिली. कोरीननं ती सोडवली, पेन्सिल ठेवली, उठली आणि दाराकडे चालू लागली.

"कुठे निघालात, बाईसाहेब?"

"झालं माझं."

"मग?"

"मग... बाहेर."

"बाहेर काय आहे?"

कोरीन गोंधळली. "घरी कोंबड्या असतात."

वर्ग जो हसत सुटला! पेल्की सर वाईट नव्हते, आवाज जाड होता इतकंच. "इथे कोंबड्या नाहीत," ते म्हणाले. "इथे घंटा होईपर्यंत आपण सगळे खुराड्यातच." त्या दिवसापासून तिचं नाव कोंबडीवाली पडलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून हलक्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "ए कोंबडीवाली! तुझ्या खिशात काय टिकटिकतंय?"

"टायमर."

"कसला टायमर? अगं हळू बोल. कोणी बॉम्बबिंब समजलं तर आपल्या सगळ्यांना मैदानात उभं करून कुत्र्यांकडून हुंगवतील."

"पावाचा आहे."

मागे कोणीतरी नाकातून हसलं. "पावाचा? बरं, मग तास संपायला किती उरलंय ते तरी सांग त्याला विचारून."

ही जोसी मिशो. जेवायच्या सुट्टीत तिनं कोरीनला आपल्या टेबलावर बसवलं, म्हणजे स्वतःचं दप्तर खुर्चीवरून खाली ढकललं आणि "बस की, आमंत्रण छापू का?" म्हणाली. कोरीनचा हात खिशात आला तेव्हा तळवा कोरडा होता. तिथे आल्यापासून पहिल्यांदाच.

असे दिवस गेले. कोरीन घरी येऊन मोनिकला सांगायची आणि मोनिक "हं, हं" करत भांडी घासायची. मी फळीवर बसून बघायचो. पोरगी फुलत होती आणि आई मिटत होती. मला दोघींचंही वाईट वाटे आणि दोघींचंही बरं वाटे. माझ्यासारख्याला हे झेपत नाही.

मग पेपर झाला. गणिताचा. कोरीनचा पहिला.

पेल्की सरांनी तपासलेले पेपर बघायला वाटले. तासाच्या शेवटी ते परत गोळा करून ठेवायचे होते. कोरीननं आपला पेपर उघडला. लाल खुणा, आणि वर लाल आकडा. आकड्याकडे तिनं नीट बघितलंही नाही. तिच्या लेखी तो पानाचा नंबर असावा तसाच होता. तिनं बघितली ती चुकलेली उत्तरं. मला पिळलं, पेन्सिल काढली, चुकलेलं सगळं खोडरबरानं खोडलं आणि पुन्हा सोडवलं. एक उत्तर परत चुकलं, तेही परत केलं. मोठ्या समाधानानं तिनं नेहमीप्रमाणे अर्ध्यावर मला बंद केलं आणि पेपर गठ्ठ्यावर ठेवून दिला.

तुमच्या लक्षात आलं असेल. तिच्या नाही आलं, माझ्याही नाही. इतकी वर्षं आम्ही दोघं हेच करत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी तिला मुख्याध्यापिकांच्या खोलीत बोलावलं. घरी फोन गेला. मोनिक आली तेव्हा तिच्या अंगाला पिठाचा वास येत होता. तशीच निघाली असणार.

"पेपर परत दिल्यावर उत्तरं बदलायची आणि मग म्हणायचं, सर, माझं तर बरोबर आहे, तुम्ही चूक कशी दिलीत?" पेल्की सर सांगत होते. "ही युक्ती आम्हाला नवी नाही, मिसेस थिबोडो."

"मी तसं म्हणणार नव्हते," कोरीनचा आवाज चिरका झाला.

"मग बदललीस कशाला?"

"चुकली होती म्हणून!"

पेल्की सरांनी पेपर उचलून पुन्हा बघितला.

"आमच्याकडे चुकलेलं गणित तसंच ठेवून कोणी उठत नाही," मोनिक म्हणाली.

"इथे ठेवतात," मुख्याध्यापिका म्हणाल्या. मग त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं, कारण त्या खाकरल्या. "म्हणजे, तपासलेल्या पेपरला हात लावायचा नाही, असा नियम आहे. मुलीचा हेतू वाईट नव्हता हे मी मानते. लबाडीचा शेरा मी लिहिणार नाही. पण या पेपरचं शून्य होईल."

"शून्य? सगळं बरोबर करून शून्य?"

"अजून पुष्कळ पेपर आहेत, बाई," पेल्की सर म्हणाले. आता त्यांचा आवाज तितका जाड नव्हता. "भरून निघेल."

"चल," मोनिक उठली. "जॅकेट घे."

गाडीत कोरीन रडली. मोनिकही रडत होती, पण ती रस्त्याकडे बघून रडत होती. "झालं तेवढं पुरे," ती म्हणाली. "सुट्टी लागतेच आहे. सुट्टीनंतर जायचं नाही. मी तुला तिथे पाठवायलाच नको होतं."

कोरीननं खिशात हात घालून मला उगाचच पिळलं आणि लगेच परत शून्यावर आणलं. मी वाजलो. दोघीही दचकल्या. मी तर मेलोच.

काढणी सुरू झाली. जोसीच्या काकांचं शेत लहान आहे आणि काका जुन्या वळणाचे. त्यांच्याकडे यंत्र फक्त सऱ्या उकरून पुढे जातं; बटाटे हातानं वेचायचे, टोपलीत भरायचे आणि टोपली लाकडी पिंपात रिकामी करायची. लिओ तिथलाच ट्रक चालवायचे, म्हणून कोरीनही वेचायला जायला लागली. पहाटे गवतावर पांढरं दव गोठलेलं, हातमोज्यांतून बोटं बधिर, आणि दुपारी अंगातलं स्वेटर काढावं असं ऊन. जॅकेटच्या खिशात मी. मातीत वाकून उठताना दर वेळी माझ्यावर थोडी माती पडायची.

शेजारच्या सरीत जोसी होती.

"सुट्टीनंतर येणार नाहीस म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या बाबांनी काकांना, काकांनी काकूला. आता काकूला कळलं म्हणजे नदीपलीकडे कॅनडालाही कळलं असेल."

कोरीननं बटाटे जरा जोरात टोपलीत टाकले.

"अगं, नरम हातानं! काका ओरडतील, डाग पडतात." मग जोसीनं आवाज खाली आणला. "खरं सांग. पेपर तूच बदललास ना?"

"बरोबर केला."

"तेच ते."

"तेच नाही! मला ते मार्क कशाला असतात हेच ठाऊक नव्हतं."

"मग केलंस कशाला?"

"चुकलेलं होतं म्हणून. चुकलेलं तसंच कसं टाकायचं?"

जोसी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली. आणि मग हसत हसत सरीतच बसली. "देवा रे! आणि आम्ही तुला पक्की डांबिस समजून मान द्यायला लागलो होतो! वर्गातली पोरं म्हणत होती, कोंबडीवालीनं पेल्कीला टोपी घालायला बघितलं. आता कोणत्या तोंडानं सांगू, की हिला गणितच आवडतं?"

कोरीनलाही हसू आलं. सुट्टी लागल्यापासून पहिलंच.

"तुझ्या पेपरचं तू काय केलंस?" तिनं विचारलं.

"माझ्या? सुट्टी लागताना हातात मिळाला, तसा चुरगाळून दप्तराच्या तळाला कोंबला. आईनं विचारलं तर अजून तपासले नाहीत म्हणून सांगितलंय."

"बघितलासुद्धा नाहीस? कुठे चुकलं ते?"

"बघून काय करू? मार्क वाढणारेत?"

कोरीनला हे अजबच वाटलं. तिनं भरलेली टोपली पिंपात रिकामी केली. मग म्हणाली, "उद्या आण."

"इथे? बटाट्यांत?"

"जेवायच्या सुट्टीत."

दुसऱ्या दिवशी दोघी पिंपाला टेकून बसल्या. जोसीनं चुरगाळलेला पेपर मांडीवर सपाट केला. कोरीननं मला काढून पिंपाच्या झाकणावर ठेवलं आणि पिळलं, आणि पेन्सिलीनं पहिल्या चुकलेल्या उत्तराभोवती फिकट गोल काढला.

"आता?"

"आता खोड आणि पुन्हा कर."

जोसीनं केलं. चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा चुकलं. "बघ, म्हणूनच मी बघत नाही! मी ढ आहे."

"थांब, थांब. इथे उणेचं चिन्ह कंसाबाहेर होतं, ते आत येताना..." कोरीन एकदम किंचाळली. मी दचकलो. "अगं, मीही इथेच चुकले होते! अगदी इथेच! तेच उत्तर आलं होतं मला!"

"एवढं नाचायला काय झालं? चुकलोच ना दोघी?"

पण कोरीनचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. आठ वर्षं एका टेबलावर ती एकटी चुकत आली होती. आज तिच्याशेजारी, गुडघ्यापर्यंत मातीत माखलेली, तिच्यासारखीच चुकणारी दुसरी मुलगी बसली होती. मग झाकणावरच्या धुळीत बोटानं कंस काढून कोरीननं समजावलं, आणि जोसीनं तिसऱ्यांदा केलं, आणि आलं. जोसीनं स्वतःच तो गोल खोडला. इतक्या जोरात की कागद फाटायला आला.

"अजून एक करू," ती म्हणाली. "घाई नाही ना तुला?"

आणि तेव्हा मला कळलं की मी बंद पडलोय. केव्हाच. माती माझ्या दात्यांत जाऊन बसली होती आणि मी दोनचार टिकटिका करून मुकाट झालो होतो. मी वाट बघत राहिलो, की कोरीन आता वळेल, मला कानाशी धरेल, हलवेल. माझ्या टिकटिकीशिवाय तिला विचार करता येत नाही, असं ती स्वतःच म्हणाली होती. ती वळली नाही. काकांनी हाक मारेपर्यंत दोघी डोक्याला डोकं लावून कागदावर वाकलेल्या होत्या.

मला रडू यायला हवं होतं. पण एक सांगू? माझा जीव भांड्यात पडला.

काढणी संपत आली त्या संध्याकाळी कोरीननं घरी येऊन मोजे काढले आणि सांगून टाकलं.

"आई, सोमवारी मी बसनं जाणार."

मोनिकनं नळ बंद केला. "कुठे?"

"शाळेत."

"तुला लबाड म्हटलं तिथे?"

"लबाड नाही म्हटलं. शून्य दिलं."

"एकच ते."

"एक कसं? शून्य भरून काढता येतं."

"आणि पुन्हा काही झालं तर? तिथले नियमच तुला माहीत नाहीत, कोरीन!"

"नाहीत. चुकत चुकत कळतायत एकेक."

मोनिक ओट्याला टेकली. "इथे मी तुला कधी लाज वाटू दिली नाही."

"माहितीये मला." कोरीन तिच्याजवळ गेली. "म्हणून तर त्या दिवशी मला लाज वाटलीच नाही, आई. राग आला, रडू आलं. पण मी काही वाईट आहे असं नाही वाटलं. जोसीला वाटतं तसं. थोडेसे मार्क गेले की ती स्वतःला ढ म्हणते. मी कधी म्हटलं नाही. ते तू केलंस."

मोनिकनं तोंडावर हात ठेवला. मग अगदी लहान आवाजात तिनं जे इतके दिवस मनात होतं ते विचारलं.

"मग मी दिवसभर काय करू?"

लिओ दारात बसून बुटांचे बंद सोडत होते. ते वर न बघता म्हणाले, "मला सातवीचं गणित शिकव. पण वाजणारं ते काही लावू नकोस, माझं काळीज कमकुवत आहे."

मोनिक रडता रडता हसली. पोरीचं डोकं तिनं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि मातीनं भरलेल्या केसांवरून हात फिरवत राहिली. "सोमवारी डब्यात काय देऊ?" तिनं विचारलं. एवढंच. परवानगी अशीच मिळते आमच्याकडे.

सोमवारी दारात कोरीननं जॅकेट घातलं, खिशात हात घातला, मला बाहेर काढलं आणि फळीवर ठेवलं. "याला माती लागलीये, आई," ती म्हणाली. "बघशील जरा?" आणि गेली. खिडकीतून बस थांबताना दिसली. मागच्या खिडकीतून कोणीतरी हात बाहेर काढून, बर्फगार वाऱ्यात, वेड्यासारखं हलवत होतं. कोरीन धावली.

मोनिकनं मला पुढ्यात घेतलं. जुन्या दात घासायच्या ब्रशनं एकेक दाता साफ केला, फुंकर मारली, पिळून बघितलं. मी टिकटिकायला लागलो. ती खटक्यावर हात ठेवून उभी राहिली. पोर परत यायला किती वेळ, ते तिला लावायचं होतं बहुतेक. पण माझ्यात तेवढे आकडेच नाहीत. मग तिनं पीठ मळायला घेतलं.

सध्या मी चुलीवरच्या फळीवर असतो. कोरीनचं शून्य अजून पुरतं भरून निघालेलं नाही. बराचसा खड्डा बुजलाय, असं ती सांगते. शाळेत अजून तिच्या चुका होतात, आणि त्यातल्या काही गणितातल्या नसतात. कोंबडीवाली हे नाव टिकलंय, पण आता त्या नावानं हाक आली की ती हसत वळते. आठवड्यातून एकदा जोसी आमच्या थांब्यावर उतरते आणि दोघी टेबलावर पेपर पसरतात. मोनिक चहा ठेवते, लांबून बघते, आणि विचारल्याशिवाय काही सांगत नाही. तिला ते फार जड जातं. मी तिच्या शेजारीच असतो ना, मला कळतं.

तुमच्या घरातलं कोणी असंच टेबलावरून उठून मोठ्या दारातून आत गेलं असेल, तर माझ्यासारख्या भित्र्याचं एक ऐका. मला पावासाठी पिळा, बीन्ससाठी पिळा, मी इमानानं वाजेन. पण पोरीला किती वेळ लागेल, हे मला विचारू नका. ती येईल तेव्हा जेवण गरम असू द्या, आणि तिनं दप्तरातून चुरगाळलेला कागद काढला तर तो सपाट करायला टेबलावर थोडी जागा ठेवा.